कवडी: अर्थ, व्युत्पत्ती आणि खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

समुद्रापासून एवढ्या लांब राहणाऱ्या लोकांना कवडीबद्दल इतके प्रश्न का पडतात, याचं नवल वाटून घेऊ नका. भाव पडला की कवडी, पोळा आला की कवडी, दिवाळीत लक्ष्मीपुढे कवडी, भांडणातही कवडीच. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एके ठिकाणी लिहिली आहेत. जिथे दोन प्रश्नांचं उत्तर एकमेकांत मिसळतं तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

माय म्हनस, ‘कवडीना कामना नई तू.’ हाई कवडी म्हंजे नेमकं काय शे?

कवडी म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचं कवच. आत मऊ अंगाचा जीव राहतो. तो मेला की कवच उरतं, आणि आपल्या हाती येते ती तेवढीच वस्तू. वरून फुगीर, खालून चपटी, आणि खालच्या बाजूला दाते असलेली लांबट फट.

जिवंतपणी हा प्राणी आपल्या अंगाची मऊ घडी कवचावर दोन्ही बाजूंनी पांघरून घेतो. त्यामुळे कवच घासलं जात नाही, त्यावर शेवाळ धरत नाही, आणि कुणी पॉलिश न करताही कवडी तुकतुकीत राहते. लहान वयात कवच साध्या शंखासारखं पातळ ओठाचं असतं. वाढ पुरी झाली की ओठ आत वळतो, जाड होतो आणि त्याला दाते फुटतात.

बाजारात आणि पूजेत दिसणाऱ्या बहुतेक कवड्या दोनच जातींच्या असतात. एक पिवळसर, कडेला टेंगळं असलेली. शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा. नावातच नाणं आहे. दुसरी थोडी गुळगुळीत, पाठीवर नारिंगी कडं असलेली, ती मोनेटारिया अॅन्युलस.

गिरणेच्या, तापीच्या वाळूत सापडतात त्या कवड्या का?

नाही. कवडी खाऱ्या पाण्यातच वाढते, तीही उष्ण समुद्रात. नदीच्या वाळूत मिळतात ते शिंपले किंवा गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे छोटे शंख. ओळख सोपी आहे. शिंपल्याला दोन झाकणं असतात, बिजागरीने जोडलेली. शंख आणि कवडी एकसंध. शंखाचा पीळ बाहेर दिसतो, कवडीचा पीळ शेवटच्या वेढ्यात गडप झालेला असतो.

शेतात किंवा जुन्या पांढरीच्या (जुन्या गावठाणाच्या) मातीत खरी कवडी सापडली, तर ती माणसाने आणलेली समजावी.

‘कवडी’ हा शब्द आला कुठून?

संस्कृत कपर्द, कपर्दिका. प्राकृतात त्याचं कवड्ड झालं आणि मराठीत कवडी. यातले दोन्ही बदल आपल्या तोंडात रोज आहेत, फक्त लक्ष जात नाही. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो: कपित्थाचं कवठ झालं, कपाटाचं कवाड झालं, दीपाचा दिवा झाला. आणि ‘र्द’ दबून मूर्धन्य ‘ड्ड’ होतो (जीभ वर टाळूकडे वळवून म्हणायचा): गर्दभ प्राकृतात गड्डह झाला आणि मग आपला गाढव. म्हणजे कवडी, कवठ आणि गाढव हे तिघं एकाच रस्त्याने मराठीत आले.

शेजारच्या भाषांतही हाच शब्द फिरतो. हिंदीत कौडी, गुजरातीत कोडी, कन्नडमध्ये कवडे. इंग्रजीतला ‘कावरी’ हा हिंदीतूनच उचललेला.

कवडीला संस्कृतात दुसरं नावही आहे, वराटक किंवा वराटिका. आयुर्वेदात आणि जुन्या गणितात ते भेटतं, पण मराठीत बोलण्यात उतरलं नाही.

महादेवाला ‘कपर्दी’ म्हणतात. म्हणजे तो कवड्या घालतो म्हणून का?

उलट विचार करून पाहा. ऋग्वेदात कपर्द हा शब्द येतो तो केसांच्या वेणीसाठी, गुंडाळलेल्या जटेसाठी. रुद्राला आणि पूषन या वैदिक देवाला तिथे कपर्दी म्हटलं आहे. वसिष्ठकुळातले लोक उजव्या बाजूला कपर्द बांधतात असंही वर्णन आहे. शंखासाठी हा शब्द नंतरच्या ग्रंथांत दिसतो. तेव्हा कपर्दी म्हणजे जटाधारी. जटेचा वेटोळा आणि कवडीचा फुगीर आकार यांतलं साम्य पाहून एकाचं नाव दुसऱ्याला मिळालं असं मानतात.

कवडी खरंच पैसा म्हणून चालायची का? आपल्याकडे त्याचा काही पुरावा आहे?

चालायची, आणि खान्देशाला यात मिरवण्यासारखं काही आहे.

भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इ.स. ११५० चा. त्याच्या सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे आणि त्याचा पहिला शब्दच कवडी आहे: ‘वराटकानां दशकद्वयं यत् सा काकिणी ताश्च पणश्चतस्रः’. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण. पुढे सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. गुणाकार करून पाहा: पण म्हणजे ८० कवड्या, द्रम्म म्हणजे १२८०, निष्क म्हणजे २०,४८०. गणित शिकणाऱ्या पोराने आधी कवड्या मोजायच्या आणि मग पुढे जायचं, असा तो क्रम.

आता हे आपलं कसं? चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला देणग्या दिल्या. लेख १२०७ सालचा. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातल्या कोणत्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं ते जुन्या मराठीत लिहिलं आहे. हिशोबाची गोष्ट आली की लोकांच्या भाषेत बोलावं लागतं. म्हणजे कवड्यांचं कोष्टक घोकणारे विद्यार्थी आठशे वर्षांपूर्वी याच डोंगराच्या पायथ्याशी बसत होते, असं म्हणायला हरकत नाही. सहलीला जाणाऱ्या बसगाड्यांतून हे कुणी सांगत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

या सगळ्या कवड्या मुख्यतः मालदीव बेटांवरून यायच्या. तिथून जहाजात भरून बंगालकडे जायच्या आणि बदल्यात तांदूळ यायचा. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्यांच्या मोलाने माणसंही विकत घेतली. या चिमुकल्या वस्तूच्या इतिहासातला हा सगळ्यात काळा भाग.

मग सुरतेहून तापीकाठाने कवड्यांची पोतीच येत असतील ना?

इतकं सरळ नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरत ते बुऱ्हाणपूर या वाटेने गेला. ही वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी आपल्याच अंगणातून जाते. (नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, हेही त्याने लिहून ठेवलं आहे.) हिंदुस्थानातल्या सुट्या पैशांबद्दल तो सांगतो की समुद्राजवळ एका पैशाला ८० पर्यंत कवड्या मिळतात आणि आग्र्याला ५०-५५ च. वाहतुकीचा खर्च चढत जातो, म्हणून किनाऱ्यापासून दूर जावं तशी कवडी महाग. पण गुजरातेत मात्र त्याने सुटे म्हणून इराणहून आलेले कडू बदाम चालताना पाहिले, पैशाला ३५-४० च्या भावाने. कडूच का? गोड असते तर पोरांनी गल्लाच खाल्ला असता.

तेव्हा कवडी देशभर एकाच भावाने, एकाच प्रमाणात चालली असं धरू नये. तिचा खरा जोर बंगाल, ओडिशा या पूर्वेकडच्या मुलखात होता. सिल्हेटचा (आता बांगलादेशात) सरकारी महसूल अठराव्या शतकाच्या अखेरीसही कवड्यांत भरला जाई. ओडिशात कंपनी सरकारने कवडी बंद करून चांदीत सारा मागितला, तेव्हा शेतकऱ्यांचे हाल झाले. १८१७ च्या पाइकांच्या (तिथल्या जमीनधारक शिपायांच्या) उठावाच्या कारणांत हेही एक कारण मोजलं जातं.

व्हॉट्सअॅपवर एक तक्ता फिरतो: ३ फुटक्या कवड्या = १ कवडी, १० कवड्या = १ दमडी, २ दमड्या = १ धेला... तो खरा आहे का?

अर्धा खरा. खालचा भाग, म्हणजे ३ पैंचा पैसा, ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया, हा इंग्रजी अमलातला पक्का हिशोब आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तोवर तो चालला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून तोंडपाठ असेल.

वरचा कवड्यांचा भाग मात्र डोळे झाकून घेऊ नका. तक्त्याप्रमाणे धेला दीड पैचा, म्हणजे अर्ध्या पैशाचा. मग पैशाला ४० कवड्या आणि रुपयाला २५६० होतात. बंगालची पद्धत वेगळी: ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचं काहण, आणि साधारण ४ काहणांचा रुपया. म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या, तक्त्याच्या बरोबर दुप्पट. तोही भाव कायम नव्हता. सोन्याचा भाव रोज बदलतो तसा कवडीचाही गावोगावी, हंगामोहंगामी बदले. गंमत एवढीच की बंगालचा पण ८० कवड्यांचा आणि लीलावतीतलाही ८० चाच.

तीन फुटक्या कवड्यांची एक साबूत कवडी हे तर मला विनोदी वाटतं. फुटकी कवडी घेणार कोण? त्याबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

‘फुटकी कवडी’ असं का म्हणतात? नुसती ‘कवडी’ पुरली नसती?

कवडी ही सगळ्यात लहान किंमत. त्याहून खाली जायचं तर ती फोडावीच लागते. अर्धी कवडी म्हणून काही चालत नाही, कारण नाण्याचे तुकडे वजनावर तरी जातात, कवच फुटलं की संपलं. म्हणून ‘तेनाजोडे फुटेल कवडी बी नई’ (त्याच्याजवळ फुटकी कवडीही नाही) म्हणजे शून्याच्याही खाली.

हा वाक्प्रचार अलीकडचा समजू नका. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात एक माणूस तृष्णेला कंटाळून सांगतो की खजिन्यासाठी जमीन खणली, डोंगरातले धातू वितळवले, समुद्र ओलांडला, राजांची मनधरणी केली, स्मशानात मंत्र जपत रात्री काढल्या, आणि ‘प्राप्तः काणवराटकोऽपि न मया’, फुटकी कवडीसुद्धा हाती लागली नाही. काणवराटक म्हणजे काणी, फुटकी कवडी. कवडी बाजारात खणखणीत चालत होती त्या काळातलंच हे बोलणं. कवडी बंद पडली आणि मग तिला हिणवलं जाऊ लागलं, असं जे सांगतात ते त्यामुळे पटत नाही.

‘केळीला कवडीमोल भाव’ अशी बातमी येते. मोल म्हणजेच भाव, मग हे दोनदा का?

बरोबर पकडलंत. कवडीमोल हा समास आहे, कवडी हेच ज्याचं मोल ते. ‘केळी कवडीमोलाने गेली’ किंवा ‘केळी कवडीमोल झाली’ हे नेटकं. पण ‘कवडीमोल भाव’ आता इतकं रुळलं आहे की त्यात कवडीमोल हे नुसतं ‘अगदी कमी’ या अर्थाचं विशेषण झालं आहे. मी स्वतः लिहिताना टाळतो, दुसऱ्याचं खोडत नाही. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला त्या मथळ्यात व्याकरणापेक्षा मोठी चूक दिसत असते.

एक बारकावा आहे. कवडीमोल म्हणजे फार स्वस्त, फुकट नव्हे. काहीच किंमत उरली नाही असं म्हणायचं असेल तर मातीमोल.

कवडीचुंबक म्हणजे?

कंजूष. चुंबक लोखंड ओढतं तसा हा कवडी ओढतो, असा सरळ अर्थ घेतात. चुंबक म्हणजे चुंबणारा असाही अर्थ लागतो, मग चित्र आणखी मजेदार होतं.

कवड्या साप, कवड्या खंड्या... यांचा आणि कवडीचा काय संबंध?

संबंध रंगाचा आहे. मराठीत कवडा किंवा कवड्या म्हणजे काळ्या-पांढऱ्या किंवा गडद-फिक्या ठिपक्यांचा, पट्ट्यांचा. हतनूर धरणावर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणारा आणि सूर मारणारा काळा-पांढरा पक्षी तो कवड्या खंड्या. शेताच्या बांधावर, तारेवर बसणारा छोटा काळा-पांढरा, तो कवडा गप्पीदास. नावं ठेवणाऱ्याचा डोळा चांगला होता.

कवड्या सापाबद्दल मात्र जरा थांबून वाचा. हा बिनविषारी साप घरात, भिंतीवर पाली खायला येतो. तपकिरी अंगावर फिकट आडवे पट्टे असल्याने त्याला मण्यार समजून मारतात. कधी उलटही होतं, मण्यारीला कवड्या समजून हात लावतात, आणि मण्यार जहाल विषारी आहे. साधारण खूण अशी की कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. ही खूण माहितीपुरती ठेवा. रात्री, अर्धवट उजेडात ती पाहत बसू नका. सर्पमित्राला बोलवा, आणि चावला असेल तर कोणता साप याचा वाद न घालता थेट दवाखाना गाठा.

कवडी दही आणि कवड्या ऊद?

कवडी दही म्हणजे घट्ट विरजलेलं, चमच्याने काढलं की तुकतुकीत खाप निघणारं. कवड्या ऊद म्हणजे धूप घालायच्या उदाचा एक प्रकार.

नवापूरकडचे व्यापारी ‘एक कोडी’ म्हणजे वीस नग म्हणतात. वीस कवड्यांची काकिणी, म्हणून का?

तर्क मोहक आहे, पण चुकीचा. वीस नगांची कोडी हा वेगळा शब्द. मराठीतही बांबू, कापड अशा मालासाठी तो होता. घोटाळा गुजरातीमुळे होतो, कारण तिथे कवडीलाही कोडी म्हणतात आणि विसालाही. हिंदीत दोन्ही वेगळे राहिले आहेत: कौडी निराळी, कोडी निराळी.

असाच दुसरा घोटाळा कावडीचा. खांद्यावरची पाण्याची कावड कवडीची कुणी लागत नाही. दक्षिणेत मुरुगनला वाहतात ती ‘कावडी’ही खांद्यावरचीच.

देवीच्या भक्तांच्या गळ्यात आणि पोळ्याला बैलांच्या गळ्यात कवड्या का?

कवडी समुद्रातून येते, लक्ष्मीही समुद्रातून आली. म्हणून दिवाळीत लक्ष्मीपूजनाला कवड्या ठेवतात. तिच्या आकारात स्त्रीत्वाची, सुफलतेची खूण पाहणंही फार जुनं आहे आणि ते आपल्यापुरतं नाही. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी कवड्यांना सिप्रिया हे नाव दिलं तेही सायप्रसच्या प्रेमदेवतेवरून.

खान्देशातली पावलं चैत्रात वणीच्या गडाकडे वळतात, पण कवड्यांच्या माळेची परंपरा सर्वांत ठळक आहे ती तुळजाभवानीच्या भुत्ये-आराध्यांची. शिवाजी महाराजांच्या चित्रांत दिसते तीही भवानीच्या भक्ताची माळ.

बैलांच्या माळेत शोभा आणि दृष्ट न लागणं, ही दोन्ही कारणं लोक सांगतात. बंजारा तांड्यांवर बायकांच्या कपड्यांवर, पिशव्यांवर कवड्या टाचतात, आरशांच्या जोडीने. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवणाऱ्या लोकांकडे कवडी यावी यात आश्चर्य नाही.

चार कवड्यांच्या खेळात सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ का मोजतात?

कारण ते दान शून्य धरलं तर वाया जाईल. कवडीची फट वर आली तर ती उताणी, एक गुण. चार उताण्या म्हणजे चार. चारही पालथ्या म्हणजे आठ, सगळ्यात मोठं दान. जास्त कवड्यांनी खेळतात त्या पचिसीत सर्वांत मोठं दान पंचवीसचं, त्यावरून खेळाला नाव पडलं. घरोघरी नियम थोडे बदलतात, तेव्हा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरून उतरून पट मांडण्याआधी ते ठरवून घ्या.

कवडीची राख पित्तावर घेतात म्हणे. घरी भाजून घेतली तर चालेल?

नको. आयुर्वेदात वराटिका भस्म आहे, पण त्याआधी शोधन म्हणजे शुद्ध करणं, मग ठरावीक पुटं म्हणजे बंद भांड्यात मोजून दिलेली आच, असा सगळा विधी आहे. कवडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ती चुलीत जाळली तर चुनखडी भाजल्यासारखा कळीचा चुना होतो, आणि तो तोंड, अन्ननलिका भाजतो. वैद्यांना विचारा.

जत्रेत मिळणारी कवडी खरी की प्लॅस्टिकची, कसं ओळखायचं?

हातात घ्या. खरी कवडी थंड आणि आकाराच्या मानाने जड लागते. दहा कवड्या शेजारी ठेवल्या तर एकही दुसरीसारखी नसते, दाते कमीजास्त, टेंगळं वेगळी. साच्यातल्या सगळ्या जुळ्या बहिणी, आणि कडेला साच्याची शिवण दिसते. तरी शंका असेल तर पोटाच्या बाजूला लिंबाचा एक थेंब टाका. खऱ्या कवडीवर बारीक बुडबुडे येतात. थेंब लगेच पुसा, नाहीतर तिथली चमक कायमची जाते.

मोठ्या, अनोळखी नक्षीच्या कवड्या आणि शंख मात्र विचारपूस करूनच घ्या. समुद्रातल्या काही दुर्मीळ जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे आणि त्यांची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. पूजेतली नेहमीची पिवळी कवडी त्यांतली नाही.